बहात्तर तासांचा आठवडा

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातल्या तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि जर्मनी असेच उभे राहिले, हा त्यांचा दाखला होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष नव्वद तासांवर गेले. रविवारी माणसे कामावर बोलावता येत नाहीत याची त्यांना खंत वाटत होती. वर्तमानपत्रांत लेख आले, शिक्षकांच्या खोल्यांत वाद झडले. आजच्या पिढीत जिद्द उरली नाही, देशासमोर ध्येय नाही, जागतिकीकरणाने आयते खाण्याची सवय लावली, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. आमच्या समाजातल्या मंडळींनी त्यात आणखी एक वाक्य जोडले, 'आणि आपल्या कौमचं तर विचारूच नका.'

मी मूळचा शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. पोटापाण्यासाठी यंत्रमागाच्या गावात उर्दू शाळेत शिकवतो. त्यामुळे मला त्या आकड्यांचा हिशेब लगेच करता आला. मालेगावात किंवा भिवंडीत साध्या यंत्रमागावरचा कारीगर बारा तासांची पाळी करतो. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. सहा दिवस, बारा तास. बहात्तर. म्हणजे मूर्तींनी मागितले त्यापेक्षा दोन तास जास्तच हा माणूस कित्येक वर्षे देत आला आहे. त्याने देशासाठी काय केले, असे त्याला कोणी विचारले नाही आणि त्याच्या बहात्तर तासांतून जपान का उभा राहिला नाही, असेही कोणी विचारले नाही. हा दुसरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

आळसाचा ठपका आपल्याकडे जुना आहे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' पत्रात जी शतपत्रे लिहिली, त्यांत दक्षिणेतल्या लोकांच्या आळसावर आणि गतानुगतिकतेवर कोरडे ओढले आहेत. पण लोकहितवादी नुसते रागावून थांबले नाहीत. विलायती माल सोडा, आपल्या देशात होईल तो जाडाभरडा माल वापरा, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. पुढे पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीचे कपडे घालून गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. या माणसांची महत्त्वाकांक्षा राष्ट्राची होती आणि तिचा पाया कापड हा होता. कापडाशिवाय त्या काळी देशाच्या संपत्तीचा विचारच करता येत नव्हता.

मात्र त्याच स्वदेशीची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. १९०५ मध्ये वंगभंगानंतर बहिष्कार पेटला, पुण्यात ७ ऑक्टोबर १९०५ रोजी परदेशी कापडाची होळी झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना अचानक मोठी मागणी आली. तोवर गिरण्यांत विजेचे दिवे लागले होते. पूर्वी सूर्य मावळला की काम थांबत असे. आता मालकांनी पंधरा पंधरा तास माणसे राबवली. देशासाठी कापड विणले जात होते खरे, पण विणणाऱ्याच्या डोळ्यावरची झोप कोणत्या देशाच्या खात्यावर मांडायची? आणि गंमत अशी की, १९०७-०८ च्या सरकारी कामगार आयोगापुढे हिंदी मजूर कामचुकार आहे, सारखा बाहेर रेंगाळतो, अशीच तक्रार होती. पंधरा तास उभा राहणारा माणूस मध्ये दोन घटका बाहेर जाऊन विडी ओढतो, यालाच तेव्हा आळस म्हटले गेले.

या ठपक्याला पहिले संघटित उत्तर ज्याने दिले, तो माणूस आमच्या शेजारचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव खेड तालुक्यातले कन्हेरसर. आमच्या कवठ्याप्रमाणे तेही येमाईचेच गाव. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला आणि मिल हँड्स असोसिएशन उभी केली. आठवड्याची सुट्टी रविवारी हवी, कारण तो खंडोबाचा वार, असे त्यांचे म्हणणे. १० जून १८९० पासून ती सुट्टी मिळाली आणि पुढच्याच वर्षी ती कायद्यात आली. आज ज्या रविवारची उद्योगपतींना खंत वाटते, तो रविवार असा आलेला आहे. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली तेव्हा याच लोखंड्यांनी राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या लोकांचा एकतेचा मेळावा भरवला. आपल्या शाळांतून त्यांचे नाव किती मुलांना ठाऊक असेल?

लोखंड्यांनंतर तासांचा कायदा हळूहळू खाली येत गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाला दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती अकरा झाली, १९३४ मध्ये दहा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात नऊ तास दिवसाला, अठ्ठेचाळीस आठवड्याला. आता हा क्रम यंत्रमागाच्या कारखान्याशी ताडून पाहा. तिथे घड्याळ १९११ वरच थांबले आहे.

ते का थांबले? विजेवर चालणाऱ्या ज्या ठिकाणी दहा किंवा अधिक कामगार असतील त्याला १९४८ चा कायदा लागू होत होता. मग एकच शेड कागदावर चार जणांची झाली: दोन भावांची, एक बायकोची, एक मेहुण्याची. मध्ये भिंत नाही, फक्त नावे निराळी. कायद्यापासून लपण्यासाठी कारखाना लहान ठेवायचा, हे एकदा धंद्याचे तत्त्व झाले की मोठे होण्याची इच्छाच गुन्हा ठरते. लहान राहण्यात फायदा आहे हे दोन पिढ्यांना शिकवल्यावर तिसऱ्या पिढीत महत्त्वाकांक्षा का नाही, असे विचारण्यात काय अर्थ आहे?

आणि हे लोक मुळात महत्त्वाकांक्षा नसलेले होते असेही नाही. १७४० मध्ये नारो शंकर राजेबहाद्दर यांनी मालेगावचा किल्ला बांधायला घेतला. पंचवीस वर्षे चाललेल्या त्या कामावर सुरतेकडचे आणि उत्तरेकडचे मुसलमान कारागीर आले आणि तिथेच राहिले. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यानंतर हैदराबादेकडून माणसे आली. १८५७ चा वणवा आणि १८६२ चा दुष्काळ यांनी बनारसच्या बाजूचे विणकर मोसम नदीच्या काठी आणून सोडले. हातमाग मोडून, बायकापोरांसह शेकडो कोस चालत आलेल्या या लोकांनी काय विणले? नऊवारी लुगडी. भोजपुरी-उर्दू बोलणाऱ्या जुलाह्यांनी मराठी बाईच्या अंगावरचे लुगडे विणले आणि दोन-तीन पिढ्या आपले पोट त्यावर भरले. १९३५ च्या सुमारास वीज आली तेव्हा त्यांनीच हातमागाच्या जागी यंत्रमाग बसवला. याला जर उद्यमशीलता म्हणायचे नसेल तर दुसरे कशाला म्हणावे?

'जुलाहा' ही शिवी होती. आपल्यातल्याच खानदानी म्हणवणाऱ्या लोकांनी ती दिलेली. म्हणून विणकरांनी स्वतःला मोमीन म्हटले, अन्सारी म्हटले. १९२० च्या दशकात मोमीन कॉन्फरन्स उभी राहिली ती याच अपमानाच्या विरोधात. आणि पुढे तिने पाकिस्तानच्या मागणीलाही विरोध केला. पण अपमान सोसलेला माणूस दुसऱ्याचा अपमान ओळखतोच असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते मराठा आणि मोमीन कामगारांचे होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात येऊ दिले जात नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड केला. श्रमाची प्रतिष्ठा श्रमिकांतच वाटून गेलेली नव्हती. हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता जपानकडे येऊ, कारण दाखला जपानचा आहे. साकिची टोयोडा हा एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा, जन्म १८६७. आई हातमागावर राबते हे पाहून त्याने माग सुधारण्याचा ध्यास घेतला आणि १८९१ मध्ये लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळवले. पुढची तीस-पस्तीस वर्षे तो तेच करत राहिला. १९२४ मध्ये त्याचा स्वयंचलित माग तयार झाला. त्याची खुबी अशी की कांडी संपली तरी माग थांबत नाही, धोटा आपोआप बदलतो. आणि ताण्याचा धागा तुटला तर माग आपणहून थांबतो. जो कधी आपल्या शेडमध्ये उभा राहिला आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. आपल्याकडे कांडी संपली का हे कारीगर डोळ्यांनी पाहतो, धागा तुटला का हे कानांनी ऐकतो, आणि बारा तास आठ मागांच्या मधून धावतो. टोयोडाच्या मागाने डोळ्यांचे आणि कानांचे काम यंत्राला दिले आणि माणसाला विचार करायला मोकळे केले. १९२९ मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने, ज्या कंपनीची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत भरलेली होती, तिने या मागाचे हक्क घेण्याचा एक लाख पौंडांचा करार केला. मागाच्या त्याच कारखान्यातून साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी झाली. मिचिओ सुझुकीनेही १९०९ मध्ये हमामात्सु गावात मागाचाच कारखाना काढला होता.

म्हणजे जपान केवळ सत्तर तासांनी उभा राहिला नाही. विणकराचे तास कमी कसे होतील याचा विचार करणारी माणसे तिथे होती, म्हणून तो उभा राहिला.

इथे १९८२ हे साल थांबून पाहण्यासारखे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांचे काम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे सरकले. मोडीत निघालेले मागही भंगाराच्या भावाने तिकडे गेले आणि तेलपाणी करून पुन्हा चालू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारुती आणि सुझुकीचा करार झाला. एके काळी माग बनवणारी कंपनी आपल्याला मोटार विकायला आली, तेव्हा आपण आपले जुने माग एका गावातून उचलून दुसऱ्या गावात बसवत होतो. आणि तेच १९८२ साल इचलकरंजीत वेगळे गेले. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठिंब्याने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला होता. १९८२ मध्ये त्या गावाने स्वतःची वस्त्रोद्योग अभियांत्रिकीची संस्था काढली, डीकेटीई. आज इचलकरंजीत साध्या मागांबरोबर बिनधोट्याचे आधुनिक माग मोठ्या संख्येने आहेत. मालेगावचा कारीगर इचलकरंजीच्या कारीगराहून आळशी होता का? मला तरी तसे दिसत नाही. फरक पाठीमागे काय उभे होते यात आहे. तिकडे सहकारी सूतगिरण्या, सहकारी बँका, राजकारणात वजन असलेली माणसे. इकडे सूत देणारा आणि तयार कापड नेणारा व्यापारी, मध्ये मजुरीवर विणणारा मागवाला, आणि कच्चे कापड रंगाईसाठी राजस्थानात बालोत्रा-पालीला रवाना. नफा जिथे होतो ते रंगाईचे काम आपल्या गावात आलेच नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले आहे की काही बँकांनी मुसलमान वस्तीचे भाग कर्ज न देण्याच्या यादीत टाकले होते. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगलींत आग पाहिली. मालेगावने २००६ आणि २००८ मध्ये स्फोट पाहिले. उद्या शेड राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस महागडा माग घेत नाही. जुना घेतो; जळाला तरी थोडक्यात जाईल म्हणून.

एवढे सांगितले तरी मी मागवाल्या मालकांना सोडणार नाही. ज्यांच्या हातात पैसा आला त्यांनी तो कशात घातला, हे गावात सगळ्यांना दिसते. बंगला झाला, जमीन झाली, लग्नात मोठा मंडप झाला. मागातल्या एका खिळ्यातही बदल झाला नाही. कारीगराची चाळीस वर्षांपूर्वीची खोली आजही तेवढीच कोंदट आहे, आणि कापसाचे तंतू तेच त्याच्या छातीत जातात.

१ जानेवारी २००५ रोजी जागतिक कापड व्यापारातली कोटापद्धत संपली. त्याची सूचना दहा वर्षे आधी, १९९५ मध्येच मिळालेली होती. चीन तयार होता. बांगलादेशही तयार होता. त्या देशाची सुरुवात पाहिली तर थक्क व्हायला होते. १९७९ मध्ये 'देश गार्मेंट्स' या कंपनीने सुमारे १३० माणसे शिलाई आणि व्यवस्थापन शिकायला कोरियात देवू कंपनीकडे पाठवली. परत आल्यावर त्यांतल्या कितीतरी जणांनी स्वतःचे कारखाने काढले आणि तो दुष्काळी देश कपड्यांच्या निर्यातीत चीनच्या खालोखाल जाऊन बसला. आपल्याकडे १८८७ पासून मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट होती आणि तिथे कापडाचे शास्त्र शिकवले जात होते. भायखळ्याच्या त्या संस्थेपासून मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांची घरे पायी जाण्याच्या अंतरावर. ते अंतर कितीजणांनी ओलांडले? अर्थात बांगलादेशलाही डोक्यावर घेण्याचे कारण नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळली आणि अकराशेहून अधिक मजूर गाडले गेले. स्वस्त कपड्याची ती किंमत होती.

आमच्या कवठ्याकडे माग नाहीत. तिकडे कांदा, ऊस आणि बिबट्याची भीती. पण गावाला एक मोमीन होते आणि त्यांनी गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले. बशीर मोमीन कवठेकर. जन्म १९४७, निधन १२ नोव्हेंबर २०२१. गण, गवळणी, लावण्या, पोवाडे, वगनाट्ये यांचे हे लेखक. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. आडनाव विणकराचे आणि धंदा शब्दांचा. कवठेकरांच्या तमाशाच्या मातीत एक मुसलमान माणूस आयुष्यभर गवळणी लिहीत राहिला आणि गावाने त्यात नवल मानले नाही. तमाशाचा फड म्हणजे काय मेहनत असते ते ज्याने पाहिले असेल त्याला ठाऊक आहे: दिवसा प्रवास, संध्याकाळी तंबू, रात्रभर खेळ, पहाटे सामान बांधून पुढचे गाव. तिथे कोणी तास मोजत नाही. तरी फडाचा मालक वर्षाच्या शेवटी सावकाराच्या दारात असतो. मेहनत आणि बरकत यांचा सरळ संबंध आहे असे मानणाऱ्यांनी नारायणगावच्या राहुट्यांत एक चक्कर मारावी.

गावची आजची मुले रांजणगावला जातात. १९९० नंतर तिथे औद्योगिक वसाहत वाढली, कोरियाची, इटलीची, अमेरिकेची नावे पुणे-नगर रस्त्यावर झळकू लागली. धुण्याची यंत्रे, शीतकपाटे, मोटारी. आमच्या मुलांच्या हाती त्यातले जे येते ते बहुधा ठेकेदाराचे ओळखपत्र असते: सहा-सात महिने, मग खंड, मग दुसरा ठेकेदार. आयटीआय झालेला मुलगा आणि दहावी नापास मुलगा एकाच पट्ट्यावर एकच बोल्ट आवळतात. तीन वर्षांनी त्यांना विचारले की ही वस्तू चालते कशी, तर दोघांनाही सांगता येत नाही. भिवंडीत याचे आणखी स्पष्ट चित्र दिसते. मागांच्या शेडशेजारी प्रचंड गोदामे उभी राहिली, आणि ज्यांच्या आजोबांनी कापड विणले ती मुले तिथे जगभरातून आलेल्या मालाची खोकी स्कॅन करतात. कष्ट तेवढेच आहेत, पाय तेवढेच दुखतात. पण आजोबांच्या हातात निदान हुनर होते. कापडाचा पन्ना, पोत, धाग्याचा नंबर ते बोटांनी सांगत. खोके उचलण्यात शिकण्यासारखे काही नाही, म्हणून त्यात मोठे होण्यासारखेही काही नाही. माझ्या मते देशाची महत्त्वाकांक्षा गळते ती इथे, माणसाच्या हातातले हुनर जाते आणि त्याच्या बदल्यात फक्त तास उरतात तेव्हा.

आणि आम्ही शिकलेले लोक? आम्ही मुलांना एकच शिखर दाखवले: सरकारी नोकरी, ती नाही तर आखात. मीही डी.एड.-बी.एड.च्या त्याच रांगेतला. २०१२ नंतर शिक्षकभरती कित्येक वर्षे थंडावली तरी ती रांग काही हलली नाही. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम काढली आणि त्याच वाटेवर १९३६ मध्ये हाजी साबू सिद्दिक यांच्या नावाची तांत्रिक संस्था उभी राहिली, तेव्हा यंत्र शिकणे हे इज्जतीचे काम मानले गेले होते. आज आठवीतला मुलगा सुट्टीत वडिलांबरोबर मागावर जातो, गिअर कसा फिरतो, कॅम धोट्याला कसा फटका देतो हे त्याला डोळे मिटून ठाऊक असते, आणि शाळेत येऊन तो विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ पाठ करतो. या दोन गोष्टी एकच आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. पुस्तकात माग नाही. मी फळ्यावर काढून दाखवतो, पण माझी चित्रकला बेताची.

२००० च्या दशकात लोखंड्यांच्या कन्हेरसरच्या शिवारात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा तशीच ठेवून. ती बातमी मी नववीच्या वर्गात वाचून दाखवली. बारा तास म्हणजे फार होतात असे कोणी म्हणेल, म्हणून मी थांबलो. मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, अब तक बारह नहीं थे क्या?"